पाचवीचे मणी

सुनंदा हाडं धुवायची. कुणी विचारलंच तर ती हेच सांगायची, आणि मग समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. एमेस्सी झालेली बाई, चेंबूरच्या शिकल्यासवरल्या घरातली, तिने तोंड भरून ‘प्रागैतिहासिक मानवी अवशेषांचा अभ्यास’ वगैरे म्हणायला काय हरकत होती? पण तेवढं लांबलचक बोलायची हौस तिच्यात उरली नव्हती. हाडं धुते म्हटलं की लोक पुढचं विचारत नसत, आणि तिला तेच हवं होतं.

संस्थेचं मुख्य ऑफिस फोर्टात. तिथे जित्याजागत्या माणसांना बसायला धड टेबल नाही, तर मेलेल्यांना जागा कुठून मिळणार? म्हणून मुलुंडला एका जुन्या बंगल्याचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. खाली होमिओपॅथीचा दवाखाना, वर तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं. गोदावरीच्या खोऱ्यातल्या एका टेकाडावर संस्थेने चारपाच हिवाळे खणलं होतं आणि तिथून आलेल्या पेट्या ह्या दोन खोल्यांत छतापर्यंत रचून ठेवल्या होत्या. सुनंदाने माती भिजवायची, बांबूच्या काडीने आणि मऊ ब्रशने हाड मोकळं करायचं, सावलीत सुकवायचं, मोजायचं आणि सांगायचं: हा पुरुष, ही बाई, ह्याचे दात जात्याची कच खाऊन खाऊन झिजलेत, ही लहानपणी उपाशी राहिलेली दिसते.

काम तिला उत्तम जमायचं. पूर्वीही जमायचं, पण पूर्वी एखादी कवटी पेटीतून बाहेर आली की ती "या बाई, बसा," म्हणून तिचं स्वागत करायची. कामाचे प्रमुख विद्याधर सर तेव्हा तिला चिडवायचे, की तुझ्या पाहुण्यांना चहा सांगू का म्हणून. आता ती पेटी उघडायची, काम करायची, पेटी बंद करायची. सर चांगला माणूस. त्यांनी चिडवणं केव्हाच सोडून दिलं होतं.

तीन वर्षांपूर्वी सुनंदाला मूल झालं होतं. झालं होतं असं म्हणायचं की नाही, हेच मुळी तिला कळत नसे. दिवस भरत आले आणि तिचं ब्लडप्रेशर असं काही चढलं, की घाटकोपरच्या घरात भात वाढता वाढता तिला झटके आले. वाढणी हातातून सुटली तेवढी तिला आठवत होती. पुढचं काही नाही. शुद्धीवर आली तेव्हा कितीतरी दिवस उलटून गेलेले, पोट सपाट, आणि छातीवर कापडाचा पट्टा करकचून बांधलेला. चंद्रप्रकाशने, तिच्या नवऱ्याने, तिचा हात धरला आणि सांगितलं, "मुलगी होती. मेलेलीच जन्मली."

"आणि हा पट्टा?" तिने विचारलं.

पलंगापाशी चादर बदलणारी आया होती, ती बोलली. "दूध आलंय ना ताई, आणि पिणारं नाही. मग वाया जातं, गाठी धरतात."

दूध आलं, आणि पिणारं नाही. हॉस्पिटलातून सुनंदाने हे एवढं वाक्य घरी आणलं. बाळंतपणाचं म्हणून दुसरं काही तिच्याजवळ नव्हतं.

ती रडली नाही. नातेवाईक म्हणाले, धीराची आहे. कसला डोंबलाचा धीर! तिला काही वाटतच नव्हतं. चहाने जीभ भाजली की दोन दिवस कशाची चव लागत नाही ना, तसं तिचं झालं होतं. फक्त दोन दिवसांनी ते गेलं नाही. आपल्या पोटाने एक मेलेलं मूल बाहेर टाकलं, एवढंच तिला माहीत होतं, आणि ते ती दुसऱ्या कुणाच्या पोटाची गोष्ट असल्यासारखं मनात म्हणत असे. सहा महिन्यांनी ती कामावर परत गेली तेव्हा बिल्डिंगमधल्या बायकांनी कपाळाला हात लावला, की एवढं झालं आणि ही बया परत हाडांत हात घालायला निघाली.

एकच गोष्ट तिच्या मनात घर करून बसली होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या पोराला कुठल्या कुशीवर निजवलं, डोकं कुठल्या दिशेला होतं, उशाशी काय ठेवलं, हे ती घडाघडा सांगायची. आणि स्वतःच्या पोरीबद्दल तिला अक्षर माहीत नव्हतं. कुठे पुरली, कशात गुंडाळली, कुणी उचलून नेली. दात न आलेल्या मुलाला आपल्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि बायकांनी तिकडे जायचं नसतं. चुलतसासऱ्यांनी, लवूकाकांनी, सगळं केलं असं कानावर आलं होतं. बस्स. तिला ते जाणून घ्यायचं होतं, फार हवं होतं ते तिला, आणि विचारायला तोंड उघडत नव्हतं. घरात तो विषय निघायच्या आधीच सासूबाई उठून भांडी घासायला घ्यायच्या. घासलेली भांडी परत घासायच्या.

तर अशा सुनंदाच्या टेबलावर शहाऐंशी सालच्या मार्च महिन्यात ती दोन मडकी आली.

त्या जुन्या लोकांची ही रीतच होती. मोठं माणूस मेलं तर त्याला घराच्या अंगणात किंवा ओसरीखाली पुरायचं, तेही घोट्यापासून पाय तोडून; उठून दुसरीकडे जाऊ नये म्हणून, असा सरांचा अंदाज. मूल मेलं तर दोन मडकी घ्यायची, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यात मूल. आणि ही मडकी राहत्या घराच्या जमिनीखाली, जिथे आई दळायची, जेवायची, निजायची तिथेच. त्याच्यावर परत सारवायचं आणि संसार पुढे. सुनंदाने अशी बरीच मडकी रिकामी केली होती. तिला त्याचं काही नवल राहिलं नव्हतं.

ह्या मडक्यांत मात्र माती दगडासारखी बसली होती. तिने ती चमच्याचमच्याने काढली. मूल अगदी नवं होतं. मांडीचं हाड तिच्या करंगळीपेक्षा थोडं लांब. पूर्ण दिवसांचं, पण जन्मून कितीसं झालेलं? विद्याधर सरांनी येऊन लेन्समधून पाहिलं आणि म्हणाले, "मापावरून जन्मतः मृत लिहून टाक. ह्या मापाची सगळी आपण तशीच घेतोय."

"आठवडाभर जगलं असेल तरी माप हेच येईल सर."

"येईल की. पण जबड्यातला कोवळा दात चिरून त्यातली जन्मानंतरची रेघ बघायचं मशीन आपल्याकडे आहे का? नाही. मग?" आणि ते खाली दवाखान्यात आपल्या सर्दीच्या पुड्या आणायला गेले.

त्यांचं काही चुकत नव्हतं. हाडं काय काय सांगतात ते सुनंदाला माहीत होतं, आणि काय सांगत नाहीत तेही. रडलं का, डोळे उघडले का, दूध प्यायलं का, ह्यातलं हाड काही बोलत नाही. तिने काडी उचलली आणि हाताची हाडं मोकळी करायला घेतली.

तिथे मणी निघाले. मोहरीएवढे, काळपट. आधी तिला बियाच वाटल्या. एवढ्या लहान मुलाच्या मनगटात हाड नसतंच, ते पुढे तयार होतं. कोपरापासूनची दोन हाडं संपतात आणि तळव्याची सुरू होतात, मधे नुसती जागा. त्या नुसत्या जागेभोवती ते मणी गोल बसले होते. दोरा कधीच कुजला होता, पण मातीने धरून ठेवलं होतं. दुसऱ्या हाताशीही तसेच. मडक्याला टेकून बाहेरच्या बाजूला एक छोटं तोटीचं भांडं सापडलं होतं, त्याची पेटी वेगळी आली होती. त्याच्यावर सरांनी आधीच ‘पाण्याचा विधी?’ अशी चिठ्ठी लावून ठेवली होती.

मनगट्या, सुनंदाच्या मनात आलं. शेजारपाजारच्या पोरांच्या हातात असतात त्याच. मग तिला प्रश्न पडला, की मेलेल्या जन्मलेल्या पोराला मनगट्या कोण बांधेल? आणि लगेच लक्षात आलं, की आपल्यात त्या नक्की कधी बांधतात हे आपल्याला ठाऊक नाही. तिच्या माहेरी असल्या गोष्टींची कुणी चर्चा करत नसे, आणि सासरी तिची वेळच आली नव्हती.

घाटकोपरला, पंतनगरच्या घरी पोहोचली तेव्हा सासूबाई दारातच होत्या. जानकीबाई मालवणकडची. गिरणीकामगाराची बायको म्हणून लालबागला आयुष्य काढलेलं, नवरा गेल्यावर मुलाबरोबर इथे आलेली, पण भाषा अजून गावाकडचीच. तिची एक सक्त रीत होती.

"हाडांका हात लावन इलंस मां? मोरीत पाणी काढलंय. आधी आंघोळ कर, मगे चुलीकडे ये."

रोजचं होतं हे. एकदा सुनंदाने ते तोडलेल्या पायांचं सांगितलं होतं तेव्हा जानकीबाई, "शिरा पडो तेंच्या तोंडार!" असं जे ओरडली होती, की खालच्या मजल्यावरून विचारायला आले होते.

आंघोळ करून सुनंदा स्वयंपाकघरात आली. जानकीबाई बांगडे साफ करत बसली होती.

"आई, लहान मुलाला काळ्या मनगट्या बांधतात त्या कधी बांधतात?"

"पाचवीक." मान वर न करता ती म्हणाली. "पाचव्या दिवशी सटवी पूजतत, पाटो-वरवंटो मांडतत, कोरो कागद ठेवतत. ता सगळा झाला की मगे मणी बांधूचे. तेच्या आधी कोण बांधना नाय."

"कधीच नाही?"

"नाय गो. सटवीन कपाळार लिवल्याबिगर पोर आपला कसा म्हणूचा?"

"आणि मूल मेलेलंच जन्मलं तर?"

जानकीबाईचा हात थांबला. सुनंदाने ते पाहिलं, पण मनाला लावून घेतलं नाही. हा विषयच तसा. "मणी दिष्टीसाठी असतत," जानकीबाई हळू म्हणाली. "जित्या पोराक दिष्ट लागता. जा जित्याच नाय, तेका कोणाची दिष्ट लागतली?" आणि ती बांगडे धुवायला मोरीकडे गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने सरांना हे सांगितलं. सर हसले, पण वाईट हसले नाहीत. "सुनंदा, तुझ्या सासूबाईंची रीत तू डायरेक्ट तीन हजार वर्षं मागे घेऊन चाललीस. त्या बाईला पाचवी माहीत होती का? तिने कदाचित मेलेल्यालाच सजवलं असेल."

हे बरोबर होतं. जे दिसलं तेवढं लिहायचं ठरलं: दोन्ही मनगटांच्या जागी मणी. तिने ते लिहिलं आणि मडकी कापसात गुंडाळून ठेवली. पण त्या दिवसापासून तिला स्वस्थ बसवेना. वाईट वाटत होतं असं नाही, वाईट वाटणं तिच्याकडून होतच नव्हतं. फक्त ते जुनं कुतूहल आता टोचायला लागलं होतं. त्या कुठल्याशा बाईला निदान ठाऊक होतं, की पोर आपल्या जात्याखाली आहे. तिने स्वतः सारवलं होतं वरून. आणि मी?

रविवारी लवूकाका जेवायला आले. भांडुपला राहायचे. गिरणी संपात बंद पडली तेव्हापासून एका सोसायटीत वॉचमन होते, पण रुबाब अजून खातेप्रमुखाचा. जेवणं झाली, जानकीबाई आत भांड्यांना लागली, चंद्रप्रकाश खाली पान आणायला गेला. लवूकाका गॅलरीत खुर्ची टाकून सुपारी कातरत बसले होते. सुनंदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तीन वर्षं जे जमलं नव्हतं ते तिने भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं.

"काका, आमच्या मुलीला तुम्ही कुठे ठेवलंत?"

लवूकाकांचा अडकित्ता तसाच उघडा राहिला. त्यांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"सूनबाई, ता आता कित्याक?"

"मला माहीत नाही काका. मला काहीच माहीत नाही. म्हणून विचारते."

म्हातारा मनाचा मऊ होता. एवढ्यावर त्याचा धीर सुटला. "स्मशानात मागच्या कुंपणाक लागून लहान पोरांची जागा आसा," तो म्हणाला. "खड्डो मिया स्वतः मारलंय. भाड्याचो माणूस लावूक नाय. चंदू बाजूक उभो होतो, तेका काय सुधरत नव्हता. डोक्या उत्तरेक केलंय. वर मीठ घातलंय."

"गुंडाळलं कशात होतं?"

"वहिनीच्या जुन्या लुगड्यात. मऊ होता. हिरवा." त्यांचे डोळे भरून आले. "नीट केलंय गो सगळा. काय कमी करूक नाय. हातात काळे मणी होते. ते काढूक सांगतत भट लोक, पण वहिनी म्हणाली, रवांदेत. मिया रवांदिलंय."

सुनंदा ऐकत होती. उत्तर दिशा, मीठ, हिरवं लुगडं, मणी. एकेक गोष्ट ती आत ठेवत होती, पेटीत ठेवावी तशी. "आता जागा ओळखू येईल?" तिने विचारलं.

"नाय. तेच्यावर दुसरी पोरा इली. माती वरखाली झाली." लवूकाकांनी उपरण्याने डोळे पुसले. ह्या माणसाला घरच्यांनी बजावून ठेवलं होतं, की तिच्याशी सांभाळून बोल. त्याने सांभाळलं होतं. जे बोलायचं नाही ते तो एका शब्दाने बोलला नव्हता. पण मण्यांचंही सांभाळायचं असतं, हे त्याला कोण सांगणार आणि कशाला?

चंद्रप्रकाश पान घेऊन आला, आणि काकांना बसवर सोडायला परत खाली गेला. सुनंदा गॅलरीतच उभी होती. समोरच्या बिल्डिंगवर कुणी गाद्या वाळत घातल्या होत्या. हातात मणी होते, ती स्वतःशी म्हणाली. दोन्ही हातांत असतील. आणि मग एकदम तिला ते दिसलं. काम करताना दिसतं ना, इतका वेळ नुसते तुकडे असतात आणि एका क्षणी त्याचा हात होतो, तसं. तेच्या आधी कोण बांधना नाय.

ती आत गेली. जानकीबाई मोरीच्या उंबऱ्यावर बसून घासलेली कढई परत घासत होती.

"आई, माझी मुलगी किती दिवस जगली?"

जानकीबाईने कढई खाली ठेवली. हात राखेने माखलेले, ते तिने तसेच मांडीवर ठेवले. "कोण बोलला तुका? लवू बोललो?"

"काका काही बोलले नाहीत. तिच्या हातात मणी होते म्हणाले. मणी पाचवीला बांधतात, हे तुम्ही सांगितलंत."

मोरीपाशी माशी घोंघावत होती, ती जानकीबाईने हाकलली नाही. मग म्हणाली, "सातव्या दिवशी सकाळी गेली."

सुनंदाच्या तोंडून असा आवाज निघाला, की तिचा तिलाच ओळखीचा वाटेना. "सात दिवस? सात दिवस माझी मुलगी जिवंत होती आणि तुम्ही मला मेलेली जन्मली म्हणून सांगितलंत? तीन वर्षं? मी तीन वर्षं समजत्ये की माझ्या पोटात तिचं... आई, तुम्हाला काही वाटलं नाही?"

"ओरड," जानकीबाई म्हणाली. "ओरड माझ्यार. मेलंय तरी चलात." ती रडत नव्हती. "तू पलीकडच्या वॉर्डात. ताप, झटके, डोळे उघडी नाय होतंस. डाक्टरान बजावल्यान, हिका कसलो धक्को देव नको, परत झटको इलो तर हीपण जातली. चेडू गेला होता. तू पण गेली असतंस तर? चंदू म्हणालो, मेलेला जन्मला म्हणून सांगूया, तेवढा कमी लागतला. मगे बरी झालंस की सांगूया. मगे तू घरी इलंस, तर तू रडूकच नाय. दगडासारकी. माका भय वाटला. आज सांगूया, उद्या सांगूया. कसा सांगू? तूच सांग, कसा सांगू?"

"पाचवी कुणी केली?"

"मिया. हय, हयसरच पाटो मांडलंय. एकटीच जागलंय रातभर. सकाळी मणी घेऊन हॉस्पिटलात गेलंय, नर्सेच्या हातापाया पडलंय, तेव्हा तिना काचेच्या पेटयेत हात घालून बांधल्यान."

राग आला होता सुनंदाला. चांगलाच आला होता, तीन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी आलं होतं, आणि समोर ही म्हातारी राखेचे हात घेऊन बसलेली. ती तिच्यासमोर, ओल्या फरशीवर, मटकन खाली बसली.

"कशी होती?"

"सावळी. तुझ्यासारकी. नाक चंदूचा." जानकीबाईने बोटाने स्वतःचं नाक दाखवलं. "आवाज बारीक. रडा लागली की नर्सी म्हणायच्यो, आजी, तुमचा गाणा सुरू झाला."

"रडायची?"

"रडायची तर. भूक लागली की."

सुनंदाला पुढचं विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. ते वाक्य तिच्या तोंडाशी आलं, हॉस्पिटलातून आणलेलं ते एकुलतं एक वाक्य. "ती आया म्हणाली होती... दूध आलं, पण पिणारं नाही. वाया गेलं म्हणून."

"तेव्हा नव्हता पिणारा. दोन दिस आधी गेलेली ती." जानकीबाईने मान हलवली. "तेच्या आधी होता की. आधी कोण म्हणता वाया गेला? तू निपचित पडलेलंस आणि तुका दूध येत होता. थोरली सिस्टर होती एक, तिना सांगल्यान, दुधाक बाधतली नाय तशी औषधा बघते मी, पण पोराक आईचाच देऊया. ती हातान काढून वाटयेत द्यायची. मिया ती वाटी पदराखाली घेऊन जिनो उतरायचंय, पलीकडे जायचंय. घरना चंदूचा जुना, तोटयेचा बोंडला आणलंय, तेच्यात ओतून पाजलंय."

"माझं?"

"मगे कोणाचा?"

सुनंदाचे हात आपसूक छातीशी गेले, त्या पट्ट्याच्या जागी. "किती?" तिने विचारलं. तिला दुसरं काही सुचलंच नाही. "किती प्यायची?"

"पयल्या दिवशी चार थेंब. मगे अर्धा बोंडला. शेवटच्या दिवशी पुरा पिल्यान."

"पुरा?"

"पुरा. नर्सेन बाहेर काढून माझ्याकडे दिल्यान, खांद्यार घेऊन थोपटलंय, तर ढेकर दिल्यान. ह्या एवढा चेडू आणि ढेकर माणसाचो." जानकीबाई हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा मोडला. "तो बोंडला तिच्याच वांगडा दिलंय मिया. लवूक सांगूक नाय. लुगड्यात आत गुंडाळून दिलंय."

चंद्रप्रकाश काकांना सोडून जिना चढत होता तेव्हाच त्याला आवाज ऐकू आला, आणि दोन पायऱ्या एकदम चढत तो दारात आला. मोरीपाशी त्याची आई आणि त्याची बायको ओल्या फरशीवर बसल्या होत्या, एकीच्या पाठीवर दुसरीच्या राखेच्या बोटांचे ठसे उठलेले. सुनंदा गळा काढून, हुंदके देत, शेजारपाजाऱ्यांची पर्वा न करता रडत होती, आणि मधे मधे श्वास घेऊन जानकीबाईचे खांदे हलवून विचारत होती, "कुणी पाजलं? परत सांगा. कुणी पाजलं?"

"तूच गो," जानकीबाई म्हणत होती. "तूच पाजलंस."